आजोबांच्या हाताजोगा चेंडू

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं मला विचारलं, की आजोबांच्या पंचाहत्तरीला गोल्फचे चेंडू पाठवायचे आहेत, तर कोणते पाठवू? तुमच्या तिथल्या दुकानात म्हणे एक अख्खी भिंत नुसत्या चेंडूंच्या खोक्यांनी भरलेली असते. धाकटा मागून ओरडला, “सगळ्यात महागातले!” मी “कळवते” म्हणाले आणि फोन ठेवला. आजोबा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते, त्यामुळं मला मोकळेपणानं बोलता येईना. शिवाय या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. ते मला गेल्या वर्षी फार कष्टानं मिळालं आहे आणि मिळवताना माझी एक मोठी चूकही झाली आहे. पंचाहत्तरीच्या दिवशी तुम्ही फोन कराल, आजोबांना “अजून कसे हो खेळता?” असं विचाराल आणि ते काहीतरी थाप मारतील. त्याआधी खरं काय ते तुमच्या हातात असावं, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि तुम्हाला पत्रंही इंग्रजीतच लिहीत आले. हे मात्र मराठीत लिहिते. यातली माणसं ज्या भाषेत बोलली त्या भाषेबाहेर त्यांचं बोलणं मला नेता येईना. अडेल तिथं बाबांना विचारा.

तुमचे आजोबा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. तालमीच्या मातीत लोळून आणि फुटबॉलमध्ये गुडघे फोडून घेऊन वाढलेले. पुढं इंजिनिअर झाले, साखर कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या माळावर गोल्फ खेळायला लागले. पेठेतल्या जुन्या मित्रांना हा खेळ अजूनही पटलेला नाही. “पळायचं न्हाय, कुणाला पाडायचं न्हाय, मग खेळ कसला?” असं ते विचारतात. माझंही मत फारसं वेगळं नव्हतं. एक पांढरी गोळी लांब फेकायची, मग तिच्यामागं चालत जायचं आणि पुन्हा फेकायची, यात शहाण्या माणसांच्या सकाळीच्या सकाळी कशा जातात हे मला कळत नसे.

गेल्या वर्षी आजोबांची बायपास झाली, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरचे महिने कसे गेले हे आम्ही तुम्हाला कळवलं नाही. जखम भरली, औषधं कमी झाली, डॉक्टर खूश होते. पण आजोबा खिडकीकडं पाठ करून बसायला लागले. दाढी दोन-दोन दिवस तशीच. मी काही विचारलं की “हं.” जेवायला बोलावलं की “हं.” इतकी वर्षं ज्या माणसाच्या आवाजानं शेजारची कुत्री भुंकायची थांबत, तो माणूस घरात असूनही घर गप्प. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हलकं खेळायला परवानगी दिली, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः बूट काढून पॉलिश केले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. मला तेव्हा कळलं, की त्या गोळीची थट्टा करायचे माझे दिवस संपले.

एकट्यानं जायचं नाही अशी अट होती, म्हणून मी बरोबर जायला लागले. छत्री, पाण्याची बाटली, गोळ्या आणि माझी वही. टीव्हीवर दिसतो तसा हिरवा गालिचा आमच्याकडं नाही. माळच आहे तो. पावसाळ्यात हिरवागार, दिवाळीपर्यंत बरा, पुढं पिवळा. एका बाजूला ऊस, आणि गुऱ्हाळं सुरू झाली की सकाळच्या हवेला काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास. नऊ होल, म्हणजे चेंडू घालायची नऊ भोकं आहेत. पाचव्या होलच्या वाटेत ओढा आडवा येतो. चेंडू ठेवून मारायची जागा एका टेकाडावर आणि होल पलीकडच्या काठावर. मधे पाणी, लव्हाळं आणि चिखल. टेकाडापासून पलीकडच्या काठापर्यंत एकशे वीस पावलं भरतात. मी साकवावरून चालून मोजली आहेत.

ऑपरेशनच्या आधी आजोबा हा ओढा बोलता बोलता पार करायचे. परतल्यावर पहिल्याच दिवशी दोन चेंडू पाण्यात गेले आणि तिसरा कसाबसा काठाला लागला. तिथंच, बरोबर खेळणाऱ्या सगळ्यांसमोर, ते म्हणाले, “ज्या दिवशी तीन लागोपाठ वढ्यात जातील, त्या दिवशी खेळ बंद. पिशवी माळ्यावर.” पेठेतला माणूस असा शब्द चारचौघांत देतो तेव्हा तो मोडायला देत नाही. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण पिशवी माळ्यावर गेली की आजोबा पुन्हा त्या खुर्चीत जाणार, आणि या खेपेला तिथून उठणार नाहीत, हे मला दिसत होतं. तेव्हापासून पाचव्या होलवर दुसरा चेंडू पाण्यात गेला, की तिसऱ्याच्या वेळी मी दुसरीकडं बघायची.

आता तुमच्या चेंडूंबद्दल. तुम्ही दरवर्षी जगातले मोठे खेळाडू वापरतात ते चेंडू पाठवता. ते आजोबांनी एकदाही वापरले नव्हते. ती खोकी लोखंडी कपाटात, चांदीच्या ताटवाट्यांशेजारी ठेवलेली होती. आपल्याकडं चांगली वस्तू आली की ती जपायची असते. वापरायला दुसरी असते. पण ओढा रुसला तेव्हा आजोबांनी ती खोकी बाहेर काढली. महाग ते दणकट आणि दणकट ते लांब जाणार, असा तालमीतला हिशोब. चेंडू बोटांनी दाबून बघून ते खूश झाले. “बघ, कसा कडक आहे.”

त्या कडक चेंडूनं त्यांना पार खचवलं. मारला की दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज यायचा, त्यांच्या मनगटाला झिणझिण्या यायच्या आणि चेंडू खालून खालून जाऊन लव्हाळ्यात पडायचा. एकदा परत येताना गाडीत ते म्हणाले, “चेंडू जगात एक नंबर आहे. म्हणजे खोट माझ्यात आहे.” एवढंच बोलले आणि घरी येऊन पुन्हा त्या खुर्चीत बसले.

मी मास्तरीण. अडचण आली की वाचायला बसते. आठवडाभर वाचून मला एवढं कळलं, की जोरात काठी फिरवणाऱ्यासाठी एक चेंडू असतो आणि हळू फिरवणाऱ्यासाठी दुसरा. मारल्यावर चेंडू क्षणभर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्या उसळीवर जातो. हात हळू असेल आणि चेंडू कडक असेल, तर तो पुरता दबतच नाही. मला हे वाचून नवल वाटलं. म्हणजे त्या टणक गोळीचंही मन ओळखावं लागतं! मी ताबडतोब मऊ चेंडू मागवले. खोकं उघडलं तर प्रत्येक चेंडूवर गुलाबी अक्षरांत ‘लेडीज’ छापलेलं.

इथं मी ती चूक केली. शेजारच्या सुनेकडून नखांचं पॉलिश काढायचं औषध आणलं, दुपारी आजोबा झोपलेले असताना बारा चेंडूंवरचा तो शब्द कापसानं पुसला आणि सहा चेंडू त्यांच्या पिशवीत टाकले. मला वाटलं, पुरुषाचा मान राहील आणि ओढाही पार होईल.

मंगळवारी पाचव्या होलवर त्यांनी त्यातला एक ठेवला आणि मारला. चेंडू उडाला, ओढ्यावरून गेला आणि पलीकडं पडला. मी टाळी वाजवायला हात उचलले होते. पण आजोबा तिकडं बघतच नव्हते. ते काठीच्या टोकाकडं बघत होते.

“हा आवाज माझा नाही,” ते म्हणाले.

पिशवीतून दुसरा चेंडू काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळ्यांजवळ धरून फिरवला. एका बाजूला गुलाबी अक्षराची शेपटी राहिली होती.

“हे तू केलंस?”

“अहो, वाचलं मी. तुमच्या हाताला आता—”

“मला फसवून जिंकवणार होतीस?”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तो पार झालेला चेंडू त्यांनी मोजला नाही. उरलेले होल खेळले नाहीत. टेकाडाखालच्या बाकावर जाऊन बसले. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई मी त्यांच्या वतीनं खोटी करून टाकली होती.

त्या बाकाच्या मागंच हत्यारं ठेवायची पत्र्याची खोली आहे, आणि तिच्या सावलीत आमचे मामा बसतात. त्यांना सगळं मैदान मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मैदानाचं गवत तेच राखतात. मूळचे गारगोटीकडचे, भातशेतीवाल्या घरातले, वय साठीच्या आत-बाहेर. त्यांचं दुसरं काम ओढ्यात बुडालेले चेंडू काढायचं. काठी नाही, जाळं नाही. विजार गुडघ्यावर गुंडाळून चिखलात उतरतात आणि पायानं शोधतात. मी त्यांना एकदा विचारलं होतं, की दगड आणि चेंडू पायाला कसा वेगळा कळतो? ते म्हणाले, “जलम चिखलात गेला की वैनी. भाताच्या लावणीत पायाखाली खेकडा हाय का ढेकूळ, त्ये बघून चालतंय व्हय? पायालाच कळाय लागतं.” काढलेले चेंडू धुऊन, अंड्यांच्या पुठ्ठ्यात मांडून ठेवतात. त्याआधी प्रत्येक चेंडू फरशीच्या तुकड्यावर गुडघ्याच्या उंचीवरून टाकतात आणि कान देतात. बराच काळ पाण्यात राहिलेला चेंडू त्यांना आवाजावरून कळतो. “ह्यो मेला,” म्हणून बाजूला. “ह्यात जीव हाय,” म्हणून पुठ्ठ्यात.

मामांनी त्या दिवशी सगळं पाहिलं आणि ऐकलं होतं. ते म्हणाले, “वैनी, नवऱ्याला फशिवायचं तर निदान नीट पुसायचं तरी.”

“मामा, तुम्ही गप्प बसा,” आजोबा म्हणाले.

“बसतो की. पर एक इचारू सायेब? चप्पल घेताना तुमी काय करतासा? नाव वाचून घेतासा का पायात घालून?”

“मला कोल्हापुरात चप्पल घ्यायला शिकवता?”

“न्हाय. त्येच म्हनतोय. चप्पल घ्यायला येतीया तुमास्नी. मग बॉलचं नावच का वाचाय लागलाय? तुमी जगातला एक नंबर म्हनून घेतला, वैनींनी बायकांचा म्हनून पुसला. तुमच्या हाताला कुनी इचारलंच न्हाय.”

 आजोबांनी मान वर करून विचारलं, “कसं विचारायचं?” कितीतरी महिन्यांत मी त्यांच्या तोंडून प्रश्न ऐकला नव्हता.

शुक्रवारी मामांनी अंड्यांचा एक पुठ्ठा तयार ठेवला होता. बारा खळग्यांत बारा चेंडू, बहुतेक ओढ्यातले, सगळ्यांची नावं खाली. त्यात तुम्ही पाठवता तसले होते, माझ्याकडून मागून घेतलेले दोन लेडीज होते आणि मला अनोळखी असलेलेही होते. आजोबा काठी घेऊन टेकाडाकडं निघाले तर मामांनी अडवलं.

“तिकडं कुठं? इकडं या. आधी होलपाशी.”

“ओढा तिकडं आहे, मामा.”

“वढ्यावर एकदाच मारतासा. होलपाशी किती येळा मारतासा? बॉल घरातनं निवडायचा, सायेब. येशीवरनं न्हाय.”

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. होलपासून तीन पावलांवर मामा एकेक चेंडू ठेवत आणि आजोबा डोळे मिटून तो हलकेच ढकलत. डोळे मिटायचे, ही मामांची अट. ढकलला की सांगायचं, हवा का नको. मग दहा पावलांवरून. मग गवताच्या कडेनं थोडा उचलून. सुरुवातीला आजोबा अंदाजानं बोलत होते. चौथ्या-पाचव्या चेंडूला त्यांचा चेहरा बदलला. भुवया खाली आल्या, ओठ मिटले. नोकरीत असताना कारखान्याची चाकं ऐकताना ते असे दिसत. मशीनच्या आवाजावरून कुठल्या बेअरिंगला तेल नाही ते सांगणारा तो कान शाबूत होता, आणि इतके दिवस त्याला कुणी काम दिलं नव्हतं.

“नको. नको. हा टणक. हा... हा पिठाचा गोळा आहे, याला अंगच नाही.” तो माझा लेडीज चेंडू होता. मी वहीत तसं लिहिलं.

आणि मग मलाही ऐकू यायला लागलं. खरंच सांगते. एकाचा आवाज ‘टक्’ असा, खडूनं फळ्यावर टिंब दिल्यासारखा. एकाचा ‘थप्’, ओला. आणि एका चेंडूचा मात्र पिकल्या कलिंगडावर टिचकी मारल्यासारखा, भरलेला. त्याला आजोबा थांबले. “हा पुन्हा द्या.” मामांनी पुठ्ठ्यातले चेंडू उलटसुलट केले आणि पुन्हा सगळे एकेक दिले. त्यांनी पुन्हा तोच काढला. तिसऱ्यांदाही तोच. बारा गोल, एका मापाच्या, एका वजनाच्या गोळ्या; आणि डोळे मिटलेला, पाऊणशेला टेकलेला माणूस त्यातली एकच पुन्हा पुन्हा उचलतो आहे.  आपल्या हाताला काय काय माहीत असतं, आणि आपण त्याला कधी काही विचारतच नाही.

“आता उघडा डोळं,” मामा म्हणाले.

चेंडू पिवळा होता. झगझगीत, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. मऊही नाही, कडकही नाही, मधला. नाव अर्धं झिजलेलं, आणि उरलेलं अर्धं कुठल्याही मोठ्या खेळाडूचं नाही.

“पिवळा?” आजोबा म्हणाले.

“पिवळाच. आनि एक सांगू? ऑपरेशनच्या आधीबी तुमास्नी पांढरा बॉल वर गेला की दिसत न्हवता. मारल्यावर तुमी माज्याकडं बघायचासा, ‘कुठं गेला’ म्हनून. दिसला न्हाय तर मारल्याचं सुख काय?”

आजोबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे. एकाचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. चेंडू हवेत दिसत नाही हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याच जातीचे आणखी पाच पिवळे चेंडू मामांच्या साठ्यात निघाले. ते घेऊन मी निघाले तेव्हा मामांनी मला बाजूला घेऊन एक काम सांगितलं. “घरी बादलीत मिठाचं पानी करा. भाताचं बियानं आमी मिठाच्या पान्यात टाकतो, पोचट त्येवढं वर येतंय आनि भरल्यालं खाली बसतंय. हितं जरा उलटं हाय. बॉल तरंगला पायजे. मीठ लई लागंल. पान्यात अंडं तरंगलं तरी थांबू नगासा, अजून घाला. बॉल वर आला की टिंब देऊन फिरवा, कुठली बाजू जड हाय त्ये कळंल.”

शनिवारी सकाळी मागच्या अंगणात मी बादली ठेवली. मीठ ओतत गेले, ढवळत गेले. अंडं तरंगलं, चेंडू तळाशीच. आणखी मीठ. आजोबा पायरीवर येऊन उभे राहिले, मग पायरीवर बसले, मग त्यांनी माझ्या हातातला डाव घेतला आणि स्वतः ढवळायला लागले. शेवटी एक पिवळा चेंडू डुलत वर आला, रुपयाएवढं टक्कल पाण्याबाहेर काढून थांबला. मी त्या टकलावर पेनानं टिंब दिलं. आजोबांनी बोटानं तो गरकन फिरवला. चेंडू फिरला, डगमगला, हळू झाला, आणि टिंब बरोबर वर येऊन थांबलं. पुन्हा फिरवला. पुन्हा टिंब वर. बाहेरून इतका गोल दिसणारा चेंडू आतून एका बाजूला जड होता, आणि कसाही फिरवला तरी आपली जड बाजू तळाकडंच नेत होता.

आम्ही दोघं त्या बादलीवर ओणवे होऊन किती वेळ बसलो होतो कोण जाणे. सहापैकी चार चेंडू असे हट्टी निघाले, पाचवा थोडासा. सहावा मात्र कसाही फिरवा, जिथं थांबेल तिथं थांबायचा. टिंब कधी वर, कधी बाजूला, कधी पाण्यात. त्याला जड बाजूच नव्हती. “हा सरळ जाणार,” आजोबा म्हणाले आणि तो टॉवेलनं पुसून खिशात टाकला. हट्टी चेंडूंनाही त्यांनी फेकलं नाही. जड बाजू सरळ रेषेत ठेवून मारलं की तेही फारसे वाकडे जात नाहीत, असं इंजिनिअर म्हणून त्यांचं मत पडलं. मी ते वहीत लिहून घेतलं.

चेंडूवरचे खळगेही मी त्याच सकाळी पहिल्यांदा नीट पाहिले. पेन्सिलीनं एकेक खूण करत मोजले, तर तीनशेच्या वर भरले. हे खळगे शोभेचे नाहीत. वाचलं त्यात असं होतं, की पूर्वी चेंडू गुळगुळीत असत आणि खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नव्या चेंडूपेक्षा मार खाऊन चरे पडलेला जुना चेंडू लांब जातो. म्हणून मग मुद्दाम खळगे पाडायला लागले. आजोबांना हे सांगितलं, तर त्यांनी शर्टाच्या वरच्या गुंडीखालून बोट घालून छातीवरचा वीतभर व्रण चाचपला आणि म्हणाले, “मग आता मी लांब जाणार.”

ऑपरेशननंतरचा तो त्यांचा पहिला विनोद. मी मीठ आणायला म्हणून आत गेले आणि थोडा वेळ आतच थांबले.

मंगळवारी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. आजोबांच्या गटात एक तेलाचे व्यापारी आहेत, जैन, आम्ही त्यांना शेटजी म्हणतो. जिभेवर साखर अजिबात नाही. पाचव्या होलच्या टेकाडावर आजोबांनी पिवळा चेंडू ठेवला आणि शेटजी सुरूच झाले.

“काय सायेब! ह्या वयात हळद लागली व्हय? वैनींना इचारलासा का?”

“तिनंच लावली,” आजोबा म्हणाले. “अक्षता तेवढ्या राहिल्यात. तुम्ही आहेर घेऊन या.”

“आहेर काय, वढ्याच्या तळाला ठेवलाय. जाऊन घ्या.”

सगळे हसले. मामा गवत कापायचं यंत्र बंद करून लांब उभे होते. आजोबांनी काठी उचलली, आणि मला तिथूनच दिसलं की ते जोर लावणार. खांदे वर आले, मान ताठ झाली. जुना पैलवान बाहेर पडला. काठी जमिनीला घासली आणि चेंडू उड्या मारत सरळ ओढ्यात गेला.

“एक,” शेटजी म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कारण ते खोकले आणि दुसरीकडं बघायला लागले. तो शब्द सगळ्यांच्या लक्षात होता.

आजोबांनी खिशातून दुसरा काढला. हा तो सहावा. तो ठेवला, आणि उभं राहून त्यांनी डोळे मिटले. टेकाडावर, सगळ्यांसमोर, मिटलेल्या डोळ्यांनी काठी दोनदा हवेत हलकी फिरवली, जशी होलपाशी फिरवली होती. मग डोळे उघडले आणि मारलं. जोर नव्हता. मला वाटलं, हाही गेला.

पण तो आवाज आला. भरलेला, पिकल्या फळाचा. चेंडू वर निघाला. वेगानं नाही, चढण चढणाऱ्या माणसासारखा, एका लयीत. उसाच्या शेंड्यांच्या वर गेला, गुऱ्हाळाच्या धुराच्या रेषेच्या वर गेला, आणि सकाळच्या फिकट आभाळात तो पिवळा ठिपका इतका स्वच्छ दिसत होता की बोटानं दाखवता आला असता. तिथं तो थांबल्यासारखा झाला. मी इतकी वर्षं इंग्रजी कवितांतलं आकाश मुलांना समजावून सांगितलं. आकाशाकडं अशी तोंड उघडं टाकून मी कधी पाहिलं नव्हतं. मूठभर वस्तू, तीनशे खळगे, एका म्हाताऱ्या माणसाचा हळू झालेला हात, एवढ्यावर हे होतं.

“मला दिसतोय,” आजोबा म्हणाले. अगदी हळू. “अगं, मला दिसतोय. सगळा दिसतोय.”

चेंडू खाली यायला लागला. ओढ्याचं पाणी संपलं, लव्हाळं संपलं, आणि पलीकडच्या काठाच्या आत दोन-तीन पावलांवर तो पडला. एक उडी मारून गवतात बसला. पिवळा होता, त्यामुळं टेकाडावरूनही दिसत राहिला.

 मग शेटजींनी जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाले, “आता तिसरा मारा. बघू नशीब हाय का हात हाय.”

“नाही मारत,” आजोबा म्हणाले. “आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. तीन बुडाले की खेळ बंद, हा माझा शब्द मी मागं घेतला.”

“पेठेतला मानूस शब्द मागं घेतोय व्हय?”

“शब्द दिला तेव्हा मला वाटत होतं, माझे जुने हात परत येतील. ते येणार नाहीत, शेटजी. हे दुसरे हात आहेत. यांनी कुणाला शब्द दिलेला नाही.”

 मामांनी लांबून नुसती मान हलवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आजोबा माझ्याजवळ आले, पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्यायले आणि म्हणाले, “तुझं वाचन बरोबर होतं. पुसणं चुकलं.” त्या प्रकरणाबद्दल त्यांनी मला एवढंच ऐकवलं, आणि मला ते पुरेसं होतं.

तेव्हा मुलांनो, त्या भिंतीपुढं उभे राहाल तेव्हा किंमत बघू नका आणि नाव वाचू नका. मधल्या अंगाचे, पिवळे असे चेंडू मागा, दुकानदार ओळखेल. दोन-चार वेगवेगळे एकेक पाठवलेत तर आणखी बरं. आजोबा डोळे मिटून बघतील.

तब्येतीचं विचाराल, तर डावा खांदा आता पूर्ण वळत नाही. टेकाड चढताना ते दोनदा थांबतात. शेवटचे दोन होल बहुतेक वेळा सोडून देतात. ओढा दहापैकी सहा वेळा पार होतो, चार वेळा होत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला ते अजून खेळायला जातात, आणि मारलेला चेंडू जमिनीवर टेकेपर्यंत त्यांना दिसतो.